पाठीवरून ओळखलेली पानं

धुळे, १६ ऑगस्ट १९३७

चार वर्षं झाली, मी अजून ‘तात्पुरता’ आहे. शाळेची घंटा कायम आहे, घंटा बडवणारा शिपाईसुद्धा कायम आहे, ड्रॉइंग मास्तर तेवढा तात्पुरता. हेडमास्तर पंडित आज म्हणाले, “पितांबर, डिसेंबरात समिती बसेल. एकतर तुम्ही कायम, नाहीतर चित्रकलेचा वर्गच बंद.” मुंबईची परीक्षा पास झालेल्या माणसाला हे ऐकावं लागतं. वर्ग बंद झाला तर पिंपळनेरला परत जाऊन भावाच्या हाताखाली कपाशी निंदायची. त्यापेक्षा पांझरा नदीत उडी बरी.

म्हणून ही वही सुरू केली. मनातलं कुठेतरी ओकलं पाहिजे.

आज कानबाई उठल्या, श्रावणातल्या देवीचं विसर्जन झालं. घरातलीने, भिकुबाईने, कानबाईमागच्या भिंतीवर गेरू आणि चुन्याने हत्ती, मोर, कणसं असं पुष्कळ काही काढलं होतं. ते बघायला गल्ली लोटली. मी बायकांना समजावून सांगितलं की हत्तीचा मागचा पाय शास्त्राला धरून नाही. त्या मान डोलवून ऐकतात आणि पुन्हा हत्तीकडेच बघत बसतात. भिकुबाई म्हणाली, “हत्ती मना शे. त्याना पाय माले ठाऊक.” अडाण्यापुढे शास्त्र काढू नये ते याचसाठी.

२९ ऑगस्ट

देव पावला म्हणायचं. शाळा समितीचे अध्यक्ष मोतीलालशेठ, जिनिंगवाले, यांच्याकडे दर रविवारी पत्त्यांची बैठक असते. हेडमास्तरांनी आज मला बरोबर नेलं. शेठच्या घरी त्यांच्या आईची, मंजुळाबाईंची, जुनी गंजिफा आहे. गोल रंगवलेली पानं, एकशेवीस. पण निम्म्यांचे रंग उडालेत, तीन हरवलीत. दिवाळीनंतर शेठचे जळगावचे व्याही येणार आहेत. व्याही कलेचे मोठे शौकीन. शेठना त्यांच्यासाठी एक खेळांची संध्याकाळ करायची आहे, पण नेहमीचा ब्रिज नको, काहीतरी निराळं हवं.

मी तिथल्या तिथे बोलून गेलो, “नवी गंजिफा करू या शेठ. दहा अवतारांच्या जागी दहा कला. चित्र, मूर्ती, विणकाम, कुंभारकाम, रंगारी, सोनार, सुतार, गोंदण, रांगोळी, वाद्य. प्रत्येक कलेची बारा पानं, एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्श्यापर्यंत दहा. शिवाय पुरुषमंडळींसाठी मोठा पट, मोक्षपटासारखा. सोंगटी कलेच्या शिडीने वर चढेल, आळसाच्या सापाने खाली येईल.”

शेठ खूश. परतताना हेडमास्तर म्हणाले, “हे जमलं तर कायम झालातच समजा.” रात्रभर झोप नाही.

१२ सप्टेंबर

पानं करणं वाटलं त्याहून किचकट आहे. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून चकत्या कापायच्या, वाळवायच्या, घोटायच्या. ते काम भिकुबाईने केलं. चित्र काढायला मी बसलो. रुपयाएवढ्या जागेत आख्खा कुंभार बसवायचा म्हणजे काय! नऊ चकत्या वाया गेल्या. माझा हात मोठ्या कामाचा आहे. प्लास्टरचं डोकं काढून दाखवा म्हणावं कुणालाही. हे बारीक काम डोळ्यांचं आहे, आणि माझे डोळे शाळेच्या फळ्याने गेले.

दहावी चकती हातात घेतली तेव्हा ही चुलीपुढून उठून आली. “रंग आनात ना? मंग वाया कसाले घालतस? आना आठे.” खारीच्या शेपटीचे चार केस दोऱ्याने काडीला बांधले आणि अर्ध्या तासात कुंभार करून ठेवला. चाकावर माती, मातीवर अंगठा, अंगठ्याचा दाब मातीत उमटलेला.

ठीक आहे. फक्त रंग भरायला तिला दिलं आहे. कल्पना माझी, योजना माझी, कोणत्या कलेला कोणता रंग हे सगळं मी ठरवतो. मोठे मोठे चितारीही रंग भरायला माणसं ठेवत.

३ ऑक्टोबर

राजे-प्रधान धरून साठ पानं झाली. पट मी स्वतः करतो आहे, तोही निम्मा झाला.

एक गोष्ट आज माझ्या ध्यानात आली. प्रधानांच्या पानांवर तिने सगळ्या बायकाच काढल्यात. कुंभाराचा प्रधान म्हणजे माती तुडवणारी कुंभारीण, विणकराचा प्रधान म्हणजे सूत भरणारी. मी म्हटलं, “प्रधान पुरुष असतो.” तर म्हणते, “मंग बठ्ठं काम कोन करस?” सगळं काम जो करतो तो प्रधान, असं तिचं शास्त्र.

चित्रकलेच्या राजाला मात्र तिने माझ्यासारख्या मिशा काढल्या आहेत. बरं वाटलं. कोट, पगडी, हातात कुंचला, सगळं रुबाबदार. पण कुंचल्याला रंग लावायला विसरली. त्याच्या प्रधानाची, म्हणजे रंग वाटणाऱ्या बाईची, बोटं मात्र लालभडक. मी चूक दाखवली तेव्हा हसली आणि पुढचं पान घेतलं.

दहाही राजांच्या पायाशी मी बारीक अक्षरात ‘पि.’ घातला. तेवढं जमलं.

२५ ऑक्टोबर

सगळी पानं झाली. पाठीला लाल लाख चढवली. रोज आठ-दहा पानं उन्हात, अंगणात. लाख ही कढवते, ही लावते, कवडीने ही घोटते. मी वाऱ्याने धूळ बसू नये म्हणून लक्ष ठेवलं.

हेडमास्तरांना नेऊन दाखवली. त्यांनी एकेक पान खिडकीपाशी नेऊन पाहिलं. मग म्हणाले, “पितांबर, तुमचा हात इतका नाजूक असेल असं वाटलं नव्हतं हो. चार वर्षं मी तुम्हाला सुराया आणि ठोकळे काढायला लावले, माझी चूक झाली.” मी मान खाली घातली. नम्रता दिसते ती.

घरी येऊन सांगितलं तर ही म्हणाली, “शेठना घर मीबी येसू. पानं कशा खेयतस ते माले दखानं शे.” नेईन म्हटलं. बायकांची बैठक निराळी असणारच आहे.

५ नोव्हेंबर

दिवाळीत वेळ होता म्हणून तिला आणि शेजारच्या पुष्पाबाईंना गंजिफा शिकवली. तिघांत चाळीस-चाळीस पानं. पुष्पाबाई गोंधळतात, ही पटकन शिकली. अकरा डाव झाले, अकराही हिनेच घेतले. नवशिक्याला पानं चांगली येतात. मला दर डावात रद्दीच आली.

१४ नोव्हेंबर

घडलं तसं लिहितो, कारण उद्या मलाच खोटं वाटेल.

चार वाजता शेठच्या बंगल्यावर गेलो. दिवाणखान्यात पुरुष, आतल्या खोलीत बायका, मधलं दार उघडं. भिकुबाई लग्नातलं हिरवं लुगडं नेसली होती. दारापाशी पाय घासून आत गेली. शेठच्या पत्नी लताबाईंनी तिला एका बाजूला बसवलं.

पट मांडला. व्याही वाकून बघू लागले. “मास्तर, हा साप आहे की सुतळी?” सगळे हसले. मीही हसलो, काय करतो. दोन वेळा सोंगट्या फिरल्या, मग कुणीतरी म्हणालं ‘एक ब्रिज होऊन जाऊ द्या’ आणि माझा दोन महिन्यांचा पट गुंडाळून कोपऱ्यात उभा राहिला. वर त्याला कुणी छत्री टेकवली.

पण आतून बायकांचे आवाज येऊ लागले. ‘अगं बाई, ही गोंदणारीण बघ, सुई कशी धरलीय!’ ‘रांगोळीच्या एक्क्यात चिमटीतून पीठ पडतंय बघा!’ पानं हातोहात फिरत होती. व्याही ब्रिज सोडून दारात जाऊन उभे राहिले. “मास्तर,” मला म्हणाले, “पट आणि पानं एकाच हाताची वाटत नाहीत.” मी म्हटलं, “पट घाईत झाला.” शेठनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्या थापेत मला ‘कायम’ ऐकू आलं. आयुष्यात इतक्या सुखात मी क्वचित असेन.

मग आत डाव मांडला. मंजुळाबाई, लताबाई आणि व्याह्यांच्या घरच्या एक बाई. त्या बाईंचं डोकं दुखायला लागलं, त्या उठल्या. गंजिफेला तिघं लागतात. मंजुळाबाई म्हणाल्या, “मास्तरांच्या मंडळींना येत असेल की.” ही बसली.

पहिला डाव हिचा. दुसरा हिचा. तिसऱ्यात लताबाई चिडल्या. चौथ्यात लताबाईंनी कुंभाराचा राजा शेवटपर्यंत दाबून ठेवला होता, आणि हिने बरोबर तोवर कुंभाराचं एकही पान टाकलं नाही. लताबाईंनी पानं खाली आपटली. “माझ्याकडे राजा आहे हे तुम्हाला कसं कळलं?”

भिकुबाई म्हणाली, “दिखस ना ते. तुमले नही दिखस का?”

लताबाईंनी पाच-सहा पानं पालथी घातली, “मग हे कोणतं?”

“सोनारना सत्ता. हाई गोंदनना प्रधान. हाई…”

सगळी बरोबर. मला दारातून सगळ्या पाठी सारख्याच दिसत होत्या. लाल आणि गोल.

“खुणा!” लताबाई म्हणाल्या. “पानांवर खुणा आहेत. माझ्या घरात बसून माझ्याशी लबाडी!” शेठ आत आले. व्याही मागे उभे. शेठ मला म्हणाले, “मास्तर, पानं तुम्ही केलीत. काय प्रकार आहे?”

भिकुबाईने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, “ते पान त मी…” आणि थांबली. तिथेच थांबली, पुढचं माझ्यावर सोडलं. हे तिने करायला नको होतं.

मी काय करायला हवं होतं? ही पानं हिने केली असं म्हणायचं? मग दहा राजांच्या पायाशी जे ‘पि.’ आहे त्याचं काय? समितीचं काय? चार वर्षांचं काय? एका क्षणात माणसाने किती विचार करायचा!

मी म्हणालो, “शेठ, पानं डब्यात घरी होती. माझ्या नकळत हिने खुणा केल्या असतील. खेड्यातली बाई आहे, जिंकायची हौस. मी माफी मागतो.”

भिकुबाई उठली, पदर सारखा केला, हातातली पानं नीट जुळवून लताबाईंपुढे ठेवली आणि मागच्या दाराने बाहेर गेली. पुढच्या दाराने का नाही, ते कळलं नाही.

निघताना शेठ माझ्या खांद्यावर हात ठेवून व्याह्यांना म्हणाले, “पाहिलंत? स्वतःच्या बायकोलासुद्धा पाठीशी घातलं नाही. असा सच्चा माणूस मुलांपुढे हवा.”

पांझरेच्या काठाने घरी आलो. ती दहा पावलं पुढे. घराच्या पायरीवर वळून तिने एकदाच विचारलं, “खुना मी करात?”

मी म्हटलं, “तू गप्प बसली असतीस तर हे झालं नसतं.”

१५ नोव्हेंबर

वेळेवर भाकरी, वेळेवर पाणी. बोलत नाही. बायकांचा राग दुधासारखा असतो, वर येतो आणि खाली बसतो.

२१ नोव्हेंबर

मंजुळाबाईंनी बोलावलं होतं. म्हातारी एकटीच ओसरीवर, पुढ्यात आमची गंजिफा. म्हणाल्या, “मास्तर, आमच्या माहेरी चितारी पानं घेऊन यायचा. वडील त्याला जेवायला घालायचे पण खेळायला कधी बसवायचे नाहीत. का ठाऊक आहे? चितारी आपल्या हातच्या पानांनी खेळत नाही. लाख कुठे जाड बसली, घोटताना कवडी कुठून कुठे फिरली, ते त्याला मुलांच्या चेहऱ्यासारखं पाठ असतं. खूण करावी लागत नाही.”

मी म्हटलं, “असेल.”

त्यांनी पाच पानं पालथी मांडली. “ओळखा.”

मी म्हणालो ऊन फार आहे, चष्मा घरी राहिला. त्या म्हणाल्या, “सावलीत बसा.” बसलो. बोट ठेवत गेलो. वाद्याचा दश्शा. रंगाऱ्याचा राजा. काय तोंडाला आलं ते. त्या एकेक पान उलटत गेल्या. पाचातलं एकही नाही.

“बरं,” म्हणाल्या. पानं डब्यात भरली. “मोतीलालला मी काही सांगणार नाही. सांगायचं ते तुम्हीच सांगाल.”

म्हातारी चळली आहे. शेठना ती सांगणार नाही हे मात्र बरं झालं.

११ डिसेंबर

कायम! कायम! आज हुकूम हातात पडला. शिपायाने पहिल्यांदा मला वाकून नमस्कार केला. पेढे घेऊन घरी आलो. भिकुबाईने देवापुढे ठेवले आणि एक पुष्पाबाईंना देऊन आली. स्वतः खाल्ला नाही. गोड आवडत नाही म्हणाली. गोड न आवडणारी बाई मी जन्मात पाहिली नाही.

हुकुमाबरोबर शेठची चिठ्ठीही आहे. जानेवारीत जळगावला उद्योग-कला प्रदर्शन भरतं आहे, व्याही त्याच्या मंडळावर आहेत. आमची गंजिफा तिथे मांडायची. आणि तीन दिवस मी लोकांसमोर बसून पानं रंगवून दाखवायची. ‘हाताची कला हाताने दिसली पाहिजे’ असं व्याह्यांनी मुद्दाम लिहिलं आहे. आधी दोन वेळा वाचलं, मग हातातला पेढा परत पुड्यात ठेवला.

१९ डिसेंबर

आठ दिवस शिकतो आहे. दार लावून. सोळा चकत्या वाया. कुंभार काढला तर तो खड्ड्यात पडलेल्या माणसासारखा दिसतो.

शेवटी तिला म्हटलं, “जळगावला बरोबर चल. पडद्यामागे बसून करून दे. मी पुढे बसेन.” मी प्रेमाने बोललो. नवं लुगडं घेऊ असंही म्हणालो.

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “खुना करनारीना हातमा कुंचला नका देऊ. शेठले कयनं त?”

मी ओरडलो. पुष्कळ बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिचा बाप काढला, हत्ती काढला. ती खडे बाजूला काढत राहिली. एवढ्या तांदळात एवढे खडे नव्हते.

२ जानेवारी १९३८

कानबाईची भिंत आज पांढरी दिसली. मी बाहेर गेलो असताना तिने चुना फासला. हत्ती, मोर, काही नाही. विचारलं तर म्हणाली, भिंत ओल धरत होती. थंडीत ओल?

नाही म्हटलं तरी तो हत्ती चांगला होता.

जळगाव, ९ जानेवारी

प्रदर्शनात काचेखाली एकशेवीस पानं. खाली पाटी, ‘चित्रकार पितांबर, धुळे’. गर्दी हटत नाही. रावेरचे केळीवाले शेतकरी बैलगाड्या सोडून आले होते, एक म्हातारा कुंभारीण बघून म्हणाला, “बापा, ही त माही माय दिसते.” काचेवर हात टेकून उभा राहिला. स्वयंसेवकाने हटवला.

माझ्यासाठी पाट, रंगांच्या वाट्या, कोऱ्या चकत्या, सगळं मांडून ठेवलं होतं. मी उजव्या हाताला मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत पट्टी बांधून गेलो. सांगितलं, गाडीच्या दारात हात सापडला. व्याही हळहळले. शेठनी खुर्ची आणवली. तीन दिवस मी पाटाशेजारी खुर्चीवर बसून लोकांना तोंडाने समजावलं, रंग कसे वाटतात, लाख कशी चढवतात. आश्चर्य म्हणजे सगळं सांगता आलं. बघत तर होतोच मी.

एका मुलीने विचारलं, “खारीचे केस दोऱ्याने बांधताना गाठ कुठे मारता?” ते मला ठाऊक नव्हतं.

धुळे, ३० जानेवारी

पट्टी काढता येत नाही. हेडमास्तर रोज विचारतात, “हात कसा आहे?” शेठना अजून दोन संच हवेत, एक व्याह्यांना, एक गव्हर्नरसाहेबांना नजर करायला. म्हणतात घाई नाही, हात बरा होऊ द्या. म्हणजे हात बरा झाला की मी मेलो. फळ्यावर डाव्या हाताने वर्तुळं काढतो. मुलं हसतात. कायम आहे, म्हणून हसणं सोसतो.

ही वही दार लावून लिहितो. उजव्या हाताने.

१३ फेब्रुवारी

भिकुबाईला मी पट्टीविषयी काही सांगितलेलं नाही. तिनेही विचारलं नाही. प्रदर्शनाहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी पाणी तापवते, हळद आणते, समोर बसते. जुनी पट्टी सोडते. आतला हात साफ आहे, खरचटलंसुद्धा नाही, तो दोन्ही बाजूंनी नीट बघते. जुन्या लुगड्याच्या चिंध्यांवर हळद लावते आणि बोटांभोवती, मनगटाभोवती, एकसारखी, सुबक, नवी पट्टी बांधते. तेवढा वेळ तिची बोटं माझ्या हातावर असतात. एरवी ती मला शिवत नाही.

आज मी म्हटलं, “भिकू, पुरे आता.”

तिने दाताने चिंधी फाडली आणि शेवटची गाठ मारली. मी कळवळलो इतकी घट्ट.

“आते सुटाव नही,” म्हणाली, आणि हळदीची वाटी घेऊन आत गेली.